म्हातारपणाची भूमिका

आमच्या शाळेच्या गेल्या स्नेहसंमेलनात 'नटसम्राट'मधला एक प्रवेश बसवायचे ठरले आणि अप्पासाहेब बेलवलकरांचे काम नववीतल्या एका मुलाकडे आले. मुलगा हुशार, पाठांतराला पक्का, आवाजही खणखणीत. पहिल्या तालमीला मी त्याला एवढेच सांगितले, की तू म्हातारा आहेस, आता विंगेतून चालत ये. त्याबरोबर त्याने कमरेत वाकून एक हात पाठीवर ठेवला, दुसरा थरथरवला, दोनदा खोकला आणि पाय फरफटत मध्यभागी येऊन उभा राहिला. बाकीची मुले खो खो हसली.

"तुझे आजोबा असे चालतात का रे?" मी विचारले.

"नाही सर. आजोबा सायकलवरून मळ्यात जातात."

"मग हे कुठून आणलंस?"

तो गोंधळला. मग म्हणाला, "सर, नाटकातला म्हातारा असाच असतो ना?"

या उत्तराने मला विचारात पाडले. सत्तरी ओलांडलेला धडधाकट मनुष्य रोज डोळ्यांसमोर वावरत असता, या पोराने म्हातारपण शिकून घेतले ते त्याच्याकडून नव्हे; ते त्याने आमच्याकडून, म्हणजे लिहिणाऱ्यांकडून आणि रंगवणाऱ्यांकडून घेतले. आणि चौदाव्या वर्षी पाठ केलेली ही भूमिका तो सत्तराव्या वर्षी विसरेल, असे मानायला आधार नाही.

आपल्या रंगभूमीवर म्हातारा पूर्वी हसण्यासाठी येत असे. देवलांच्या 'शारदा' नाटकातला (१८९९) भुजंगनाथ आठवा. कोवळ्या मुलीशी लग्न लावू पाहणारा तो धनिक वृद्ध हास्यास्पद ठरवणे हे त्या काळी समाजाचे मोठे काम होते, आणि देवलांनी ते चोख बजावले. त्याबद्दल तक्रार नाही. पण पुढे प्रेक्षक हसायचा थांबला आणि रडू लागला. १९७० च्या डिसेंबरात 'नटसम्राट' रंगमंचावर आले, त्यानंतर काही वर्षांतच जयवंत दळवींचे 'संध्याछाया' आले, आणि म्हातारा म्हणजे ज्याला पाहून रुमाल काढायचा तो मनुष्य, असे जणू ठरूनच गेले. भुजंगनाथ काय आणि अप्पासाहेब काय, दोघेही आपापल्या जागी अस्सल आहेत. पण हसू आणि रडू यांच्या मध्ये जो साधा, कामाधामाचा, भांडखोर, प्रसंगी लबाड, रोज पेपर वाचणारा आणि भाजीवाल्याशी घासाघीस करणारा वृद्ध असतो, त्याला आपल्या नेपथ्यकारांनी खुर्ची मांडली नाही.

'नटसम्राट' मी किती वेळा पाहिले, वाचले, याची गणती नाही. त्याच्या थोरपणाविषयी शंका घेण्याइतका मी धीट नाही आणि मूर्खही नाही. पण आपण ते कसे पाहिले याविषयी मात्र मला बोलायचे आहे. नाटक पाहून घरी परतताना माणसे काय बोलतात ते ऐका. "मुलांच्या नावावर काही करू नये बुवा!" हे एवढेच. जणू शिरवाडकरांनी मृत्युपत्राविषयी एक व्यवहारोपयोगी पुस्तिका लिहिली होती! वास्तविक अप्पासाहेबांची पडझड मुलगा-सून वाईट निघाल्यावर सुरू होत नाही. ती त्याआधीच, ते रंगभूमीचा निरोप घेऊन जे होते ते मुलांत वाटून मोकळे होतात, तेव्हाच सुरू झालेली असते. त्या दिवसापर्यंत या माणसाला रोज रात्री काम होते, श्रोता होता, आवाज लावायला कारण होते. दुसऱ्या दिवसापासून त्याने फक्त सांभाळले जायचे होते. घरात नातीला काही शिकवू गेला तर तेही खुपते. तो ओरडतो, चिडतो, चुकतो. आणि घरचे म्हणतात, हा वयाचा परिणाम. मला तर तो बेकारीचा परिणाम वाटतो. शेवटी फुटपाथवर, बूटपॉलिश करणाऱ्या एका पोराच्या संगतीत हा माणूस पुन्हा थोडा ताठ होतो, याकडे आपले लक्ष जात नाही. कारण तोवर आपल्या डोळ्यांत पाणी आलेले असते. पाण्यातून धूसरच दिसायचे.

आणखी एक मौज पाहा. पहिल्या प्रयोगात अप्पासाहेब झालेले डॉ. श्रीराम लागू हे त्या वेळी अवघ्या त्रेचाळीस वर्षांचे होते, म्हणजे माझ्या आताच्या वयाच्या आसपासचे. 'संध्याछाया'तली नानी रंगवणाऱ्या विजया मेहताही त्या सुमारास चाळिशीच्या आतबाहेर होत्या. अभिनयाची ही थोरवीच. पण याचा अर्थ असाही होतो, की मराठी माणसाच्या मनावर ठसलेली म्हातारपणाची दोन सर्वांत ठळक चित्रे ही चाळिशीतल्या माणसांनी, केसांना पांढरा रंग लावून, कल्पनेने काढलेली आहेत. डॉ. लागू पुढे खरोखरीच म्हातारे झाले. २०१९ साली, ब्याण्णवाव्या वर्षी ते गेले. आणि खुद्द शिरवाडकर? नाटक आले तेव्हा ते अठ्ठावन्न वर्षांचे होते. त्यानंतर ते आणखी अठ्ठावीस वर्षे जगले. पंचाहत्तरी गाठल्यावर ज्ञानपीठ पुरस्कार झाला, त्यानंतर मुंबईच्या जागतिक मराठी परिषदेचे अध्यक्षपद झाले, अठ्ठ्याहत्तरीच्या सुमारास नाशकात प्रतिष्ठान उभे राहिले, आणि त्यांच्या घराचा दरवाजा येणाऱ्याजाणाऱ्याला उघडा राहिला. अप्पासाहेबांच्या जनकाचे हे म्हातारपण कुणी रंगमंचावर आणले नाही. त्यात रुमाल काढण्यासारखे काही नव्हते ना!

'संध्याछाया'बद्दल थोडक्यात. एक मुलगा परदेशी, दुसरा सैन्यातला तोही जातो, आणि रिकाम्या घरात एकमेकांकडे पाहत बसलेले नाना-नानी अखेर स्वतःच्या हाताने खेळ आटोपतात. दळवींची नजर निर्दय आणि खरी आहे. त्या घरातले घड्याळसुद्धा आपल्याला ऐकू येते. फक्त एक प्रश्न मला दर वेळी पडतो. या दोघांना शेजारी कसे नव्हते? मंडई, देऊळ, ग्रंथालय, पत्त्यांचा डाव, कुणाचे तरी बारसे, यांतले काहीच कसे नव्हते? एकटेपणा गडद व्हावा म्हणून नाटककाराने दारे लावून घेतली. त्याला तो अधिकार आहेच. पण प्रेक्षकाने ती नाटकाची दारे न समजता वयाची समजली.

कुणी म्हणेल, आनंदी म्हातारेही आहेत की! 'तुझे आहे तुजपाशी'तले (१९५७) काकाजी आहेत, 'व्यक्ति आणि वल्ली'तला (१९६२) अंतू बर्वा आहे. आहेत खरे. पण आपण त्यांना म्हाताऱ्यांत मोजतो का? काकाजींना आपण 'रसिक' म्हणतो, अंतू बर्व्याला 'वल्ली' म्हणतो. म्हातारा मनुष्य मजेत असला, की आपण त्याचे नाव म्हाताऱ्यांच्या यादीतून खोडून दुसऱ्या यादीत घालतो, आणि मग पहिल्या यादीत सगळे दुःखीच उरले म्हणून हळहळतो! लक्ष्मीबाई टिळकांनी 'स्मृतिचित्रे' पुस्तकरूपाने आणली ती १९३४ साली, वयाच्या सहासष्टाव्या वर्षी. स्वतःला इतके मनमोकळे हसणारे पुस्तक मराठीत दुसरे दाखवा. तरी ते 'एका वृद्ध स्त्रीने लिहिलेले पुस्तक' म्हणून कुणी शिकवत नाही. मीही वर्गात शिकवले नाही.

यावर रसिक वाचक विचारतील, की हे सगळे साहित्याचे झाले. नाटकातल्या म्हाताऱ्याने खऱ्या म्हाताऱ्याचे काय बिघडते? बिघडते, असे आता शास्त्रज्ञ सांगू लागले आहेत. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात ऑक्सफर्ड नावाचे एक लहान गाव आहे. १९७५ साली तेथील पन्नाशी उलटलेल्या लोकांना काही साधे प्रश्न विचारले गेले. वय वाढते तसा माणूस कमी उपयोगाचा होतो, हे तुम्हांला पटते काय? गेल्या वर्षाइतकाच उत्साह यंदाही वाटतो काय? अशा धर्तीचे ते प्रश्न. पुढे येल विद्यापीठाच्या बेका लेव्ही या विदुषीने ती जुनी उत्तरे काढली आणि उत्तरे देणाऱ्यांपैकी कोण किती जगले ते त्यांच्याशी ताडून पाहिले. माणसे ६६०, काळ सुमारे तेवीस वर्षांचा. २००२ साली निष्कर्ष छापून आला: आपल्या वाढत्या वयाबद्दल ज्यांचे मत बरे होते ते, ज्यांचे वाईट होते त्यांच्यापेक्षा, सरासरीने साडेसात वर्षे अधिक जगले होते.

मलाही प्रथम शंका आली ती तुम्हांला आली असेलच. ज्याची तब्येत ठणठणीत, त्यालाच म्हातारपण गोड वाटणार; मग कारण कोणते आणि कार्य कोणते? संशोधकांनी वय, सांपत्तिक स्थिती, एकाकीपणा आणि सुरुवातीची हिंडण्याफिरण्याची ताकद यांचा हिशेब वजा घालूनही फरक उरतो, असे दाखवले आहे. तरी माणसाच्या आयुष्यातले सगळेच काही वजा घालता येत नसते, हे ध्यानात ठेवलेले बरे. मला त्याहून अस्वस्थ केले ते त्याच विदुषीच्या २००९ सालच्या दुसऱ्या एका अभ्यासाने. बाल्टिमोर शहरी दीर्घकाळ चाललेल्या पाहणीतली ही माणसे होती. प्रश्न विचारले तेव्हा सगळी पन्नाशीच्या आतली, धट्टीकट्टी. म्हाताऱ्या माणसांविषयी, म्हणजे स्वतःविषयी नव्हे तर दुसऱ्यांविषयी, त्यांचे मत काय, एवढेच त्यांना विचारले होते. ज्यांची मते तुच्छतेची होती, त्यांना पुढच्या अडतीस वर्षांत हृदयविकाराने गाठण्याचे प्रमाण अधिक आढळले. म्हणजे दुसऱ्याच्या आजोबांना केलेली चेष्टा फिरून आपल्याच छातीत येऊन बसते म्हणायची.

यात जादू काही नाही. म्हातारपण म्हणजे झीज आणि आजार, असे ज्याने धरले, तो पायऱ्या चढणे सोडतो, औषधाची टाळाटाळ करतो, चारचौघांत जायचे टाळतो. आणि मनातली ती धास्ती शरीरालाही आतून खात राहते. आपल्याकडे तर ही शिकवण घोकून घेतली जाते. 'साठी बुद्धी नाठी' ही म्हण पोराला साठ हा आकडा लिहिता येण्याच्या आधी पाठ असते. मनुष्य साठीत चष्मा विसरला की म्हण आठवते. विशीतला पोरगा रोज किल्ल्या विसरतो त्याला मात्र म्हण नाही. २०१३ सालचा 'अस्तु' हा सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा चित्रपट मला मोलाचा वाटतो तो यासाठी. मोहन आगाशे यांनी साकारलेल्या त्या संस्कृत पंडिताची स्मृती जाते, पण चित्रपट तिला 'वय' म्हणत नाही. रोग म्हणतो, आणि रोगी झालेल्या माणसाकडे माणूस म्हणूनच पाहतो. रोगाला रोग म्हणणे ही वृद्धांची पहिली सेवा आहे.

हे मी फार उशिरा शिकलो. माझी आई बहात्तर वर्षांची. दर एकादशीला देवळात कीर्तन ऐकायला जायची तिची चाळीस वर्षांची रीत. ती हळूहळू जाईनाशी झाली. घरात बोलले तर भलतेच उत्तर द्यायची, नाहीतर चिडायची. "आईचं आता वय झालं," असे आम्ही एकमेकांना समजुतीच्या सुरात सांगत असू. एका डॉक्टरांकडे नेले, त्यांनी कागदावरून नजर न उचलता "या वयात एवढं चालायचंच" म्हणून गोळ्या लिहून दिल्या. दोन वर्षे गेली. मग गावी आलेल्या एका भाचीने हट्टाने तिला दुसऱ्या डॉक्टरांकडे नेले. त्यांनी कानात पाहिले. एका कानात मळाचा दडा बसला होता. दुसऱ्याची श्रवणशक्ती कमी होती, त्याला यंत्र बसले. आठ दिवसांनी आई कीर्तनाला गेली आणि परत आल्यावर बुवांच्या आवाजाला नावे ठेवू लागली, तेव्हा माझी मान खाली गेली. (डॉ. लागू मुळात कान-नाक-घशाचे शल्यचिकित्सक होते, हे मला त्या दिवशी उगाचच आठवले.) दोन वर्षे माझ्या आईला तिच्या वयाने नव्हे, आमच्या मताने बहिरे ठेवले होते.

त्याहून लाजिरवाणी गोष्ट पुढेच आहे. माझ्या एका कादंबरीत एक आजी आहे. समीक्षकांनी तिचे कौतुक केले. ओसरीवर बसून घराचे बदलते दिवस मूकपणे पाहणारी, वगैरे. यंत्र बसल्यावर आईने नातीकडून ती कादंबरी वाचून घेतली. संपल्यावर मला म्हणाली, "तुझी ती म्हातारी सबंध पुस्तकभर नुसती बघते रे. तिला काही कामच नाही का? भाजी निवडायला तरी द्यायचीस." मराठी कादंबरीवर याहून मार्मिक टीका मी वाचलेली नाही.

भाजी निवडायला द्यायची, यातच सारे आले. १९७६ साली एलन लँगर आणि ज्युडिथ रोडिन या दोघींनी अमेरिकेतल्या एका वृद्धनिवासात एक साधा प्रयोग केला होता. एका मजल्यावरच्या वृद्धांना एकेक रोपटे देऊन सांगितले, की याची काळजी तुम्ही घ्यायची, तुमच्या खोलीतले निर्णयही तुमचे. दुसऱ्या मजल्यावर रोपटी दिली, पण पाणी घालायचे काम सेविकांचे. तुम्ही निश्चिंत राहा. पहिल्या मजल्यावरची मंडळी अधिक हुशारीत, अधिक हिंडतीफिरती दिसली. प्रयोग लहान होता, पुढे कुणाच्या आयुष्याची दोरी किती लांबली याविषयीच्या आकड्यांवर वादही झाला. तो वाद शास्त्रज्ञांनी मिटवावा. मला त्या दुसऱ्या मजल्यावर आपले घर दिसते. 'आई, तू बस, आम्ही करतो', हे वाक्य आपण मायेनेच म्हणतो. यंदा तुमच्या घरी चकल्यांचा सोऱ्या कुणाच्या हातात होता? आणि भाजणीचे प्रमाण कुणाला विचारले? की बाजारातून तयार भाजणी आणून आजीला फक्त चव बघायला बोलावले? आपल्याकडे सहस्रचंद्रदर्शनाचा थाट होतो. एक हजार पौर्णिमा पाहिलेल्या माणसाला पाटावर बसवून ओवाळतात, किती सुंदर कल्पना! पण त्याच समारंभात हातात नारळ देतात, आणि 'नारळ देणे' याचा मराठीत दुसराही एक अर्थ आहे.

आता दुसऱ्या टोकालाही सावध राहिले पाहिजे. 'मन तरुण ठेवा, सगळे ठीक होईल' असे व्याख्यानांतून सांगणारे हल्ली पुष्कळ झाले आहेत. मला त्यांचा राग येतो. सांधे धरलेल्या माणसाला 'तुमचा दृष्टिकोन बदला' म्हणणे हा निर्दयपणा आहे. आणि पंचाहत्तराव्या वर्षी परक्याच्या शेतात खुरपणी करणारी बाई आनंदी वृत्तीने खुरपते आहे असे समजणे हा त्याहून मोठा. तिला पेन्शन हवी, दवाखाना हवा. चांगले मत हे औषध नव्हे. वाईट मताने मात्र औषध दारातून परत जाते, एवढे माझ्या घरात सिद्ध झालेले आहे.

महर्षी धोंडो केशव कर्वे १९२९ साली, सत्तरी उलटल्यावर, परदेशच्या प्रवासाला निघाले. युरोप, अमेरिका, जपान असे हिंडून आले. १९३६ साली, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, खेड्यांतल्या प्राथमिक शिक्षणासाठी त्यांनी नवे मंडळ काढले. शंभराव्या वर्षी भारतरत्न झाले आणि १९६२ साली, एकशेचाराव्या वर्षी गेले. असा माणूस लाखांत एक, हे मान्य. तेव्हा नाटक त्यांच्यावर लिहा असे मी म्हणत नाही. मळ्यात सायकलवरून जाणाऱ्या आजोबांवर लिहा. त्यांच्या गुडघ्याची कळ लिहा, सुनेशी झालेली कुरबूर लिहा, बायको गेल्यानंतरचे रिकामे दुपारचे तास लिहा. पण पाण्याची पाळी चुकू नये म्हणून पहाटे उठतात तेही लिहा. मी स्वतः पुढच्या कादंबरीत ओसरीवरल्या आजीला उठवायचे ठरवले आहे. जमते की नाही, कोण जाणे. तिला बसवायची सवय माझ्या हाताला फार आहे.

त्या मुलाला मी वाकू दिले नाही. अप्पासाहेब हा राजांच्या भूमिका केलेला नट आहे, त्याची पाठ शेवटपर्यंत मोडत नाही, मोडते ते दुसरेच काही, असे त्याला माझ्या परीने समजावले. संमेलनात त्याने प्रवेश ताठ उभा राहून केला, खोकला नाही, आणि टाळ्या घेतल्या. पडदा पडल्यावर त्याचे आजोबा मला भेटायला आत आले. धोतर, डोक्याला मफलर, हातात टॉर्च.

"पोरानं पाठांतर बरं केलं, मास्तर," ते म्हणाले. "पण म्हातारा काही म्हातारा वाटला नाही बघा. जरा वाकवायला पाहिजे होता."

आणि पहाटे पाण्याची पाळी आहे म्हणून घाईने बाहेर जाऊन, सायकलला टांग मारून निघून गेले.